भिंतीपलीकडचं भांडण

पहाटे भिंतीपलीकडून भांडणाचा आवाज यायचा. पहिले काही दिवस मला वाटलं, शेजारच्या क्वार्टरमध्ये दोन माणसं राहतात आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. आवाज एकाचाच यायचा. दुसरा हळू बोलत असेल असं मी धरून चाललो. "आता हे काय करून राहिला तू? काल मी तुले काय सांगतलं होतं?" मग थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा तोच आवाज, "नाही, ते मले पटलं नाही."

चार-पाच दिवसांनी चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, तिथे गेजवाले एकटेच राहतात. ख्रिश्चन आहेत, देवाशी बोलतात. आणि अशा काही सुरात म्हणाला, की जणू गावातला एखादा माणूस रोज टपरीवर चहा प्यायला जातो हे सांगतोय.

धरण लहानसं होतं, इटियाडोहच्या मोठ्या धरणापलीकडे जंगलाला लागून. वसाहतीत बारा क्वार्टर, त्यातल्या चारांतच माणसं होती. बाकीच्यांच्या खिडक्या निखळलेल्या, आत बकऱ्या बसायच्या. दुपारी एक बस यायची आणि संध्याकाळी तीच परत जायची. दोन हजार एक-दोनचा तो काळ असेल. मी तिथे कारकून म्हणून आलो तो स्वतः बदली मागून. माझ्या आधीच्या कारकुनाला हे खरं वाटेना. चार्ज देताना त्यानं मला दोनदा विचारलं, की साहेबांशी काही झालं होतं का.

तसं काही झालं नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालं असताना बाळंतपणात माझी बायको गेली होती आणि बाळही गेलं होतं. पुसदला, तिच्या माहेरी. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिची आई ओसरीवर बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिच्यासमोर उभं राहवलं नाही. मी मागच्या दारानं निघून आलो. त्यानंतर तिच्या आईची तीन पत्रं आली. ती मी फोडली नाहीत. जिथे कुणी ओळखीचं भेटणार नाही असं ठिकाण मला हवं होतं, ते इथे मिळालं.

गेजवाल्यांचं काम म्हणजे रोज सकाळी आठ वाजता धरणाच्या आतल्या पायऱ्यांवरून उतरायचं, तिथल्या रंगवलेल्या पट्टीवर, म्हणजे गेजवर, पाणी किती आलंय ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि वायरलेसवरून वरच्या कार्यालयाला कळवायचं. पावसाळ्यात तर तासातासाला. हे काम ते पंचवीस वर्षं करत होते. उंच, काळे, किंचित वाकलेले. बारा महिने एक तपकिरी कोट. मे महिन्यातही. उकडत नाही का असं कुणी विचारलं, तर म्हणायचे की सायबाच्या पुढे जातो तेव्हा बटन लावतो, मग पाण्याच्या पुढे काऊन उघडा जाऊ? वसाहतीत त्यांना गेजवाले म्हणत. मी काकाजी म्हणायला लागलो. ते मला बाबू म्हणायचे.

त्यांच्या सवयी विचित्रच होत्या. झाडू मारताना ते नेहमी बाहेरून आत मारायचे आणि कचरा घरातून उचलून न्यायचे. बकऱ्यांना हाकलताना 'माफ करजो' म्हणायचे. नाताळचा बांबूचा चांदणीवाला कंदील नोव्हेंबरातच लावायचे आणि फेब्रुवारी उलटला तरी काढायचे नाहीत. चौकीदारानं एकदा छेडलं, की तुमचा देव अजून जन्मला नाही का. तर शांतपणे म्हणाले, "तो जन्मला. बाकीचे अजून येऊन राहिले."

रविवारी ते घरातच उपासना करायचे. जवळचं चर्च गोंदियाला, म्हणजे अर्जुनीपर्यंत बस आणि तिथून पुढे रेल्वे. महिन्यातून एकदा ते जात. एरवी पुढच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडत. एका खुर्चीवर बसून दोन गाणी म्हणत, दोन्ही बेसूर. मग शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत. मग उठून दुसऱ्या खुर्चीपाशी उभे राहत आणि वाचलेल्यावर स्वतःलाच प्रवचन देत. ते संपलं, की परत पहिल्या खुर्चीवर बसून त्या प्रवचनावर आक्षेप घेत. एका रविवारी मी दारावरून जात होतो, तर आत बोलावलं. मी सांगून टाकलं, की आमचं घर बौद्ध आहे, वडिलांनी देव मानला नाही, मीही मानत नाही.

"चालते," ते म्हणाले. "बसाले खुर्ची तर लागते ना."

मी बसलो नाही. तेव्हा मला कुठेच बसायचं नव्हतं. ऑफिसातून आलो की खोलीत पडून राहायचो. भात टाकायचा कंटाळा आला की मुरमुरे खायचो. कधीकधी दोन-दोन दिवस माझा स्वतःचा आवाज मला ऐकू यायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वसाहत आणखी रिकामी झाली. चौकीदारसुद्धा गावी गेला. एका दुपारी मी धरणाच्या आतल्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. पाणी भरलेलं होतं. मी एकेक पायरी खाली सरकत गेलो. नेमकं काय करायचं मनात होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. चप्पल वर काढून ठेवली होती, एवढं आठवतं.

काकाजी केव्हा आले कळलं नाही. कोट घातलेला होता. ते माझ्या शेजारी बसले. पलीकडच्या काठावर कुणीतरी जाळं टाकत होतं, ते पाहत राहिले.

मग म्हणाले, "मी बी असाच बसलो होतो. आमच्या गावच्या विहिरीवर. बायको तापानं गेली तेव्हा. पोरगी तीन वर्षांची, घरी झोपली होती. मले वाटलं, उठन आन् रडन. म्हनून घरी गेलो."

मी विचारलं, तुमच्या देवानं थांबवलं असं म्हणायचंय का.

"नाही. विहिरीवर तो दिसला नाही. घरी गेलो, पोरीले उठवलं, दूध पाजलं. तेव्हा आला. दूध पाजतांना."

माझ्या घरी तर उठून रडणारं कुणी नव्हतं. ते मी बोललोही. त्यांनी मान हलवली. मला खोटा धीर देण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. कोटाच्या खिशातून त्यांनी वही काढली, डोळ्यांपाशी नेली, लांब धरली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"माझ्या डोऱ्यानं आता आकडे दिसून नाही राहिले. सायबाले सांगतलं मी. ते म्हणते, ऑपरेशन होईपर्यंत कोनाकडून वाचून घ्या. इथं कोन आहे? उद्या सकाळी आठ वाजता येजो. तू वाच, मी लिहीन."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी गेलो. मग रोजच जायला लागलो. त्यानं माझं दुःख कमी झालं असं नाही. पण आठ वाजता कुठेतरी पोचायचं म्हणजे सातला उठायचं, उठल्यावर तोंड धुवायचं, आणि पायऱ्या उतरायच्या तर पोटात काही असायला हवं. काकाजी भाकरी आणि टमाट्याची चटणी फडक्यात बांधून आणायचे. आम्ही खालच्या पायरीवर बसून खायचो. बोलणं बेताचंच. एकदा मी विचारलं, की रोज एवढं भांडता, त्यातून तुम्हाला मिळतं काय. त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "भेटत काही नाही. पन कोनी आयकून राहिलं आहे असं वाटते. तेवढ्यानं माझा दिवस निघते."

मुलीबद्दल त्यांनी मला हळूहळू सांगितलं. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, नर्सिंगला घातलं. मग ती अकरा वर्षांपूर्वी 'निघून गेली'. जातीबाहेरचा, धर्माबाहेरचा मुलगा होता. दोघं नागपूरला राहत. पत्ता त्यांना गोंदियाच्या चर्चमधल्या पाळकांच्या बायकोकडून मिळाला होता. दर महिन्याला ते तिला पत्र लिहायचे, आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. मी म्हटलं, कदाचित पत्ता बदलला असेल. तर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "पत्ता चुकला असता तर चिठ्ठी वापस आली असती. एक बी वापस नाही आली. म्हनजे ती घेऊन राहिली."

अकरा वर्षं एवढ्या आधारावर माणूस तग धरून राहतो, याचं मला तेव्हा हसूही आलं आणि हेवाही वाटला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गोंदियाला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी सोबत गेलो. परत आल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं नुसत्या सावल्या दिसायच्या. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब मी टाकायचो. महिना संपत आला तशी त्यांना पत्राची काळजी लागली. मी म्हटलं, सांगा, मी लिहितो.

ते कोट घालून बसले आणि सांगू लागले. पाण्याची पातळी, ऑपरेशन, कोणाचं लग्न झालं, मोहफुलं यंदा किती पडली. आणि मग, माहीत असलेला धडा म्हणावा तसं सलग, "मी तुले माफ केलं आहे. प्रभूनं मले माफ कराले शिकवलं. तू केव्हा बी येजो, माझ्या मनात काही नाही."

मी विचारलं, की प्रत्येक पत्रात हेच असतं का.

"हो. हे तर पाहिजेच."

एरवी मी कुणाच्या घरच्या गोष्टीत बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी बोललो. म्हटलं, "काकाजी, अकरा वर्षं तुम्ही तिला माफ केलं म्हणून कळवताय. तिनं मागितली होती का माफी?"

त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. नंतर कोरडेपणानं म्हणाले, की तू लिहिनारा आहेस, सांगतलं तेवढं लिही. मी पेन ठेवून दिला. थेंब टाकायची वेळ झाली होती, ते टाकले, आणि माझ्या खोलीत आलो.

दुसऱ्या पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी डोळ्यात औषध टाकायला जायचो, ते मान मागे करायचे, टाकून घ्यायचे, बस. भाकरी करणं त्यांनी सोडलं. मी भात करून न्यायचो, तो तसाच राहायचा. जवळजवळ दोन आठवडे असे गेले. मला भीती वाटायला लागली. ज्या माणसानं मला पायऱ्यांवरून वर आणलं, त्याला मी एका वाक्यानं खाली लोटलं, असं वाटत राहायचं. रोज पहाटे मी जागा होऊन भिंतीला कान देऊन पडायचो. मी, देव न मानणारा, वाट पाहायचो की हा माणूस कधी एकदा देवाला शिव्या घालतो.

रविवार आला. त्यांनी खुर्च्या मांडल्या नाहीत. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी आत गेलो आणि जमिनीवर बसलो. गाणं मला येत नव्हतं, प्रार्थना येत नव्हती. नुसता बसलो. अर्धा तास गेला असेल, तास गेला असेल. बाहेर बकऱ्या ओरडत होत्या.

भिंतीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "ती गेली नाही बाबू. मी धाडली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्न झाल्यावर ती बॅग घेऊन आली होती, याच क्वार्टरला, दुपारच्या बसनं. त्यांनी आतून कडी लावली. ती बाहेर ओट्यावर बसून राहिली. दोनदा हाक मारली, पाणी मागितलं. ते आत गुडघे टेकून प्रार्थना करत होते, की प्रभू, मले मजबूत ठेव. संध्याकाळची बस आली आणि ती गेली. त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये लोकांनी त्यांचा हात हातात घेऊन त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं होतं.

"अकरा वर्षं मी प्रभूसंग भांडून राहिलो, माझी पोरगी काऊन नेली म्हनून. तो गप्प बसून आयकत होता. त्यानं कुठं नेली होती?"

त्यांच्या पट्टीखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी डोळा ओला होऊ द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. मी स्वच्छ फडकं आणून टिपलं, पुन्हा आलं, पुन्हा टिपलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. खूप वेळानं मी विचारलं, की आता काय वाटतं, तो अजूनही ऐकत असेल का. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "आयकत असन. पयले मी त्याले दुसऱ्याचं सांगत होतो. आता माझं सांगतो, मग पाहू."

त्यानंतर पत्र सांगितलं. त्यात पाण्याची पातळी नव्हती, मोहफुलं नव्हती.

"दार मी लावलं. तू पानी मागतलं, मी देलं नाही. मले माफ कर. तुझा बाप."

सही त्यांनी स्वतः केली, मी बोट धरून जागा दाखवली तिथे. ती ओळ सोडून वर चढली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते पत्र अर्जुनीला नेऊन टाकलं, इथल्या पेटीवर माझा भरवसा नव्हता. आणि त्याच्या पुढच्या पहाटे भिंतीपलीकडून आवाज आला. पूर्वीपेक्षा पुष्कळच हळू. शब्द कळत नव्हते. मी उठून चहा ठेवला.

पावसाळा सरत आला तेव्हा कार्ड आलं. काकाजींना तोवर चांगलं दिसत होतं, पण त्यांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाले, माझ्या डोऱ्यावर भरवसा नाही, तू वाच. मी वाचलं. त्यात एवढंच होतं: 'पत्र मिळालं. मी सध्या येणार नाही. पण लिहीत जा.'

मला वाटलं, हे ऐकून ते खचतील. त्यांनी परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग ऊठबस करत खोलीत फिरले आणि म्हणाले, "सध्या म्हनते. आयकलं का? सध्या." त्या दिवशी त्यांनी वसाहतीतल्या बाकीच्या तिन्ही घरी गुळाचा खडा नेऊन दिला. कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही.

ती आली त्यानंतर दीड वर्षानं, दुपारच्या बसनं, सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. काकाजी दारात हात लोंबते सोडून उभे राहिले. पुढे झाले नाहीत. आत जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ त्या तांब्याकडे पाहत राहिली. मग तिनं घेतला. मी तिच्या मुलीला बकऱ्या दाखवायला घेऊन गेलो. परत येईपर्यंत आत तिचा आवाज चढला होता. तास-दीड तास ती एकटीच बोलत होती, रागानं, मध्येच रडत. त्यांचा एक शब्द ऐकू आला नाही. संध्याकाळच्या बसनं ती गेली. गुपचूप नाही, 'येते' म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "सप्पा खरं बोलली. एक बी खोटं नाही."

पुढे ती वर्षातून एकदा-दोनदा यायची. सगळं गोड झालं असं नाही. जावई कधीच आला नाही. निवृत्त झाल्यावर काकाजी गोंदियात मुर्रीच्या बाजूला एका खोलीत राहिले आणि तिथेच काही वर्षांनी गेले. मातीला आम्ही सहा-सात जण होतो. मुलगी कोरड्या डोळ्यांनी उभी होती. घरमालक मला म्हणाला, की आदमी अच्छे थे, पर सुबह-सुबह किससे इतना झगड़ते थे पता नहीं. मी ख्रिस्ती झालो नाही. काकाजींनी मला तसं कधी विचारलंही नाही. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मात्र मला सांगता येतं.

काकाजींची मुलगी पहिल्यांदा येऊन गेली होती, त्या आठवड्यात मी ट्रंकेतून सासूबाईंची तिन्ही पत्रं काढली आणि फोडली. तिन्हींत सारखाच मजकूर होता. जेवतोस का, कुठे आहेस, एकदा ये. मी रजा टाकली. अर्जुनीहून गोंदिया, तिथून पुढे पुसदपर्यंत जवळजवळ दीड दिवस लागला. बसमध्ये मी मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्या दिवशी मागच्या दारानं का गेलो, पत्रं का फोडली नाहीत, सगळं.

पुढच्या दारानं गेलो. कडी वाजवली. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झाले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळला रे तू," त्या म्हणाल्या, आणि आत वळून कुणाला तरी सांगितलं, आणखी एक पाट मांड.